पाणी चमकलं म्हणून शिनाण्यांची काढणी थांबवायची का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो. तुमच्या गटाने खाडीत तराफ्याला शिनाण्यांचे (खाण्याच्या शिंपल्यांची एक जात, इंग्रजीत मसल) दोर सोडलेत आणि माल काढणीला आलाय. गेल्या आठवड्यात रात्री वल्हं मारलं की पाणी निळं चमकत होतं. गोव्यातला हॉटेलवाला ‘बायोटॉक्सिनचा रिपोर्ट दिल्याशिवाय माल उचलणार नाही’ म्हणतोय. बायोटॉक्सिन म्हणजे सूक्ष्म शेवाळातून शिंपल्यात येणारं विष. घरची जाणती मंडळी म्हणतात, आपण पिढ्यानपिढ्या खातोय, चांगलं उकळलं की काही होत नाही. आता काढणी थांबवायची का, आणि रिपोर्ट म्हणजे नेमकं काय करायचं, हे तुम्हाला हवंय.

आधी उत्तर देतो, मग कारणं. पाणी चमकलं एवढ्यावरून काढणी थांबवायची गरज नाही. पण मांसाची तपासणी झाल्याशिवाय माल विकू नका. पाणी चमकलं नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. शिंपल्यांच्या सुरक्षेचं काम मी बरीच वर्षं करतोय: खाडीतून नमुने काढणं, प्रयोगशाळेत पाठवणं, प्रक्रिया कारखान्यातल्या नोंदी तपासणं. या कामात सगळ्यात जास्त वेळ जातो तो लोकांची नजर पाण्याच्या रंगावरून काढून मांसाकडे वळवण्यात.

शिनाणं पाणी आत ओढतं, त्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातं आणि पाणी बाहेर सोडतं. पूर्ण वाढलेलं एक शिनाणं तासाला लिटरभर तरी पाणी गाळतं, बऱ्याचदा त्याहूनही जास्त. समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांच्या हजारो जातींपैकी मोजक्याच विष तयार करतात. त्या पाण्यात आल्या की इतर शेवाळांसारख्याच गाळल्या जातात, आणि त्यांचं विष शिनाण्याच्या अंगात साठत जातं. त्याला स्वतःला सहसा काही होत नाही. ते जिवंत असतं, शिंपला घट्ट मिटतं, वास ताजा येतो, चव नेहमीची लागते. म्हणजे मासळी बाजारात आपण ताजेपणासाठी जे जे बघतो, त्यातलं काहीच इथे उपयोगाचं नाही. शिजवताना जे उघडत नाही ते टाकून द्यायचं, हा नियमसुद्धा मेलेला माल ओळखण्यासाठी आहे. विषारी शिनाणंही छान उघडतं.

या विषांचे प्रकार बरेच आहेत, पण तुम्ही तीन लक्षात ठेवा. पहिलं सॅक्सिटॉक्सिन. ते नसांमधला संदेश अडवतं. ओठ-जीभ मुंग्या आल्यासारखी होते, मग बोटं बधिर, हातपाय लुळे, आणि मात्रा जास्त असेल तर श्वासाचे स्नायू थांबतात. दुसरं ओकाडाइक ॲसिड आणि त्याचे भाऊबंद: जुलाब, उलट्या, पोटात मुरडा, दोन-तीन दिवसांत माणूस उठून बसतो. तिसरं डोमोइक ॲसिड. त्याची सुरुवात पोटापासून होते आणि काहींच्या स्मृतीवर कायमचा परिणाम होतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात किलोभर मांसामागे मर्यादा दिल्या आहेत: सॅक्सिटॉक्सिन 0.8 मिलिग्रॅम, ओकाडाइक 0.16 मिलिग्रॅम, डोमोइक 20 मिलिग्रॅम. तुमच्या हातात रिपोर्ट येईल तेव्हा हे तीन आकडे शेजारी ठेवून वाचा.

आता चमकीबद्दल. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर आणि थंडीत जे निळं चमकतं, ते बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाचा तरंगणारा सूक्ष्म जीव असतो. 2020 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर लोक गर्दी करून बघत होते ते हेच. नॉक्टिल्युका वर सांगितलेल्यांपैकी कुठलंही विष तयार करत नाही. ते खूप माजलं तर अमोनिया वाढतो, पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, मासे मरू शकतात आणि तुमच्या दोरांवरचा मालही दगावू शकतो. तेव्हा तराफ्यावर जाऊन दोर जरूर बघा, पण कारण वेगळं आहे. एक गुंतागुंतही सांगून ठेवतो. नॉक्टिल्युका इतर सूक्ष्म जीव गिळून जगतं, आणि गिळलेल्यांत विषारी जातीही सापडल्या आहेत. त्यामुळे ‘नुसतं नॉक्टिल्युकाच आहे, बिनधास्त खा’ असंही म्हणता येत नाही. चमकीवरून होकार नाही की नकार नाही.

खरी अडचण उलट बाजूची आहे. पाणी अगदी नितळ दिसतं तेव्हाही विष साठू शकतं. डायनोफायसिस नावाचं शेवाळ ओकाडाइकच्या गटातली विषं तयार करतं. ब्रिटनमध्ये लिटरभर पाण्यात त्याच्या 100 पेशी दिसल्या तरी यंत्रणा सावध होते. लिटरमध्ये शंभर पेशी म्हणजे पाणी तुम्हाला काचेसारखं दिसणार. रंग यायला लिटरमागे लाखो पेशी लागतात. शिवाय हे जीव पाण्यात सगळीकडे सारखे पसरत नाहीत, ठरावीक खोलीवर पातळ थर करून राहतात. दोराच्या वरच्या टोकाचा माल स्वच्छ आणि दीड मीटर खालचा मर्यादेबाहेर, असं होऊ शकतं. नमुना घेताना हे लक्षात ठेवा, पुढे सांगतोच.

घरच्यांचं उकळण्याचं म्हणणं अर्ध बरोबर आहे, आणि म्हणूनच ते खोडून काढायला अवघड जातं. आपल्या खाड्यांत रोजचा धोका सांडपाण्याचा आहे. जिवाणू, कावीळ-अ चा विषाणू, जुलाबाचे विषाणू. त्यांच्यावर उष्णता काम करते: मांसाच्या आतपर्यंत 90 अंश तापमान दीड मिनिट मिळालं पाहिजे, असा युरोपातला नियम आहे. तसंच, काढलेला माल स्वच्छ, निर्जंतुक केलेल्या समुद्राच्या पाण्यात दोन दिवस ठेवला की त्याच्या पोटातले जिवाणू बऱ्यापैकी निघून जातात. पण शेवाळाच्या विषाला यातलं काहीच लागू नाही. उकळून ते मोडत नाही, गोठवून मोडत नाही, लिंबू-कोकमाने मोडत नाही, आणि दोन दिवसांच्या टाकीने उतरत नाही. हॉटेलवाले ‘डिप्युरेशन (म्हणजे हीच दोन दिवसांची टाकी) केलंय ना?’ विचारून समाधान मानतात, तेव्हा त्यांनी पहिल्या धोक्याचा बंदोबस्त केलेला असतो आणि दुसरा तसाच राहतो.

उकळण्यात एक बारकावा आहे आणि तो थेट आपल्या स्वयंपाकघरातला आहे. सॅक्सिटॉक्सिन आणि डोमोइक ॲसिड पाण्यात विरघळतात. उकळल्यावर त्यातला काही भाग पाण्यात उतरतो. ते पाणी फेकून दिलं तर मात्रा थोडी कमी होते, सुरक्षित मात्र होत नाही. पण आपल्याकडे ते पाणी कोण फेकतं? तिसऱ्या असोत की शिनाणे, उघडल्यावर सुटलेलं पाणी वाळू खाली बसू देऊन फडक्यातून गाळायचं आणि कालवणात घालायचं, सगळी गोडी त्यातच असते. म्हणजे उकळून जे बाहेर आलं ते पुन्हा ताटात. ओकाडाइकचं तर उलटंच आहे. ते पाण्यात विरघळत नाही. शिजून मांस आक्रसतं, त्यातलं पाणी जातं, आणि तेवढ्याच वजनात विषाचं प्रमाण वाढलेलं मिळतं.

‘पिढ्यानपिढ्या खातोय’ या मुद्द्याला मी हसत नाही. खडकावरून ओहोटीला पाटीभर खरवडून आणलेलं एका घरात जातं. त्यातून कुणाला जुलाब झाले तर ‘काहीतरी बाधलं’ म्हणून विषय संपतो. डॉक्टरही गॅस्ट्रोच लिहितो, कारण ओकाडाइकची लक्षणं तशीच असतात. तुमची शेती वेगळी आहे. एकाच जागचा, एकाच आठवड्यातला माल एका रात्रीत शेकडो ताटांत जाणार. खाडी तीच, विषही कदाचित तेच, पण त्या रात्री काही चुकलं तर ते एका घरापुरतं राहणार नाही.

आणि पिढ्यानपिढ्या खाणारे इतरही होते. 1981 साली तमिळनाडूत शिंपले खाऊन 85 जणांना इस्पितळात न्यावं लागलं, 3 जण गेले. 1983 मध्ये मंगळूरच्या बाजूला शिंपल्यांत सॅक्सिटॉक्सिनच्या गटातलं विष सापडलं, म्हणजे आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर. 1997 च्या सप्टेंबरात केरळातल्या विळिंजमला खडकावरचे शिनाणे खाऊन 7 जण दगावले आणि पाचशेहून जास्त लोक दाखल झाले. इतर दोन्ही वेळाही संशय त्याच गटावर गेला. हे लोक कुणी नवखे नव्हते.

शेतीच्या मालातलं ठळक उदाहरण कॅनडाचं आहे. 1987 च्या अखेरीस प्रिन्स एडवर्ड बेटावर दोरांवर वाढवलेले शिंपले खाऊन शंभरावर माणसं आजारी पडली, 3 वारली, आणि वाचलेल्यांपैकी काहींना नवीन काही लक्षात ठेवता येईना. पाणी थंड, स्वच्छ, धंदा शिस्तीचा. तेव्हा शिंपल्यांचा अर्क उंदरांना टोचून तपासणी होत असे. सॅक्सिटॉक्सिन असतं तर उंदीर लुळे पडून मेले असते. हे उंदीर मागच्या पायाने खांदा खाजवत राहिले, असं आधी कुणी पाहिलं नव्हतं. शास्त्रज्ञांनी चारेक दिवसांत डोमोइक ॲसिड शोधून काढलं. गंमत म्हणजे हे द्रव्य जपानात आधीच माहीत होतं, तिथे ज्या समुद्री शेवाळात ते सापडलं ते पोटातल्या जंतांवर औषध म्हणून वापरत. त्या घटनेनंतर तिथली शिंपल्यांची शेती बुडाली नाही, तिला नियमित तपासणी जोडली गेली.

शेती करणाऱ्याच्या हातात एक मोठी गोष्ट असते, जी खडकावरून गोळा करणाऱ्याकडे नसते: माल कुठला, कधीपासून तिथे आहे, आणि तो तिथेच जिवंत ठेवता येतो. स्पेनच्या गॅलिसियात तुमच्यासारखेच तराफे आहेत, फक्त हजारोंनी. तिथे खाडीचे भाग पाडलेत. एखाद्या भागातल्या मांसात विष मर्यादेवर गेलं की तेवढ्या भागाची काढणी बंद, उतरलं की पुन्हा सुरू. कधी बंदी महिनोन्‌महिने चालते. तोवर माल दोरावरच राहतो आणि स्वच्छ शेवाळ खाऊन विष हळूहळू बाहेर टाकतो. शिनाण्याच्या जातकुळीतल्या शिंपल्यांचं हे तुलनेने लवकर होतं, काही आठवड्यांत. काही शिंपले मात्र विष वर्षभर, त्याहूनही जास्त काळ धरून ठेवतात. म्हणून एका जातीच्या रिपोर्टवर दुसरी जात विकायची नाही. तराफ्याला कालवांचे पिंजरेही टांगले असतील तर त्यांचा नमुना वेगळा घ्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं. नमुना पाण्याचा नको, मांसाचा हवा. तराफ्याच्या चारही बाजूंचे दोर निवडा आणि प्रत्येकाच्या वरच्या, मधल्या, खालच्या भागातून थोडं थोडं घ्या. सगळं मिळून मांस किमान दीडशे ग्रॅम निघेल इतके शिनाणे हवेत. शिंपल्यासकट किलो-दीड किलो धरा. बाहेरून घासून धुवा, पण उघडल्यानंतर मांस नळाच्या पाण्यात भिजत ठेवू नका, त्यातच विष उतरून जाईल आणि रिपोर्ट फसवा येईल. चाळणीवर पाच मिनिटं निथळू द्या, पिशवीत भरा, गोठवा, आणि बर्फाच्या पेटीतून पाठवा. पिशवीवर तारीख, वेळ, खाडीचं नाव, दोरांचे क्रमांक आणि पाण्याचा खारेपणा मोजला असेल तर तो लिहा. शाई पुसली जाते, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी वेगळ्या पिशवीत आत टाका.

प्रयोगशाळा निवडताना एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता विचाराल, ती असेलच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती मान्यता याच चाचण्यांसाठी आहे का. पाणी आणि मसाले तपासायची मान्यता असलेली प्रयोगशाळा शिंपल्यांच्या विषासाठी उपयोगाची नाही. मान्यतेच्या यादीत सॅक्सिटॉक्सिन, ओकाडाइक, डोमोइक ही नावं दाखवा म्हणावं. पद्धत एलसी-एमएस (यंत्रावर विष वेगळं करून मोजणारी) किंवा तशी रासायनिक हवी. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेला किंवा रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाला फोन करा, नमुना कुठे जाईल हे सांगू शकतील असे लोक तिथे आहेत.

हॉटेलवाल्याला एक गोष्ट स्पष्ट सांगा. रिपोर्ट त्या दिवसाचा आणि त्या दोरांचा असतो. जानेवारीचा कागद फ्रेम करून मार्चमध्ये दाखवला तर तो भिंतीची शोभा. युरोपात मोसमात आठवड्याला तपासणी असते. छोट्या गटाला ते परवडणारं नाही हे मला कळतं. मग मधला मार्ग असा: त्याच खाडीत जे तीन-चार गट असतील त्यांनी मिळून एकच समाईक नमुन्याची जागा ठरवावी आणि खर्च वाटून घ्यावा. प्रत्येक मोठ्या काढणीच्या आधी मांसाची तपासणी, आणि रिपोर्ट आल्यावर आठवड्याच्या आत काढणी उरकायची. मधल्या काळात बारीक जाळीने पाणी गाळून, आयोडीनचे थेंब टाकून, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला गटातली एखादी मुलगी शिकवून तयार करा. डायनोफायसिस, अलेक्झांड्रियम, जिम्नोडिनियम, स्यूडो-निट्झ्शिया एवढी चार विष तयार करू शकणारी शेवाळं ओळखता आली तरी पुष्कळ. ही नजर रिपोर्टची जागा घेत नाही. मांस कधी घाईने पाठवायचं हे तिच्यावरून ठरतं. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेची शेवाळ-बहराची सूचनासेवाही आहे. ती उपग्रहावरून मोठा समुद्र बघते, तुमची खाडी तिच्या डोळ्याला फार बारीक आहे, आणि विष तर उपग्रहाला दिसतच नाही. तरी बाहेर काय चाललंय याचा अंदाज येतो.

परिस्थितीवर अवलंबून असलेला खरा पेच मे महिन्याचा आहे. रिपोर्ट मर्यादेबाहेर आला तर मी सांगेन, थांबा, माल दोरावर ठेवा, दोन आठवड्यांनी पुन्हा नमुना पाठवा, आणि लागोपाठ दोन रिपोर्ट मर्यादेत आल्यावरच काढा. फेब्रुवारीत हे सांगणं सोपं आहे. मेच्या शेवटी पाऊस तोंडावर असतो. एकदा नदीचं गोडं पाणी खाडीत भरलं की खारेपणा कोसळतो आणि शिनाणे दोरावरच मरतात. अशा वेळी माल गेला तर गेला, पण बाहेर जाऊ देऊ नका. हा फटका टाळायचा असेल तर बीज पावसाळा संपताच लावा आणि निम्मा माल तरी मार्चपर्यंत निघेल असे दोर टप्प्याटप्प्याने सोडा. तुमची खाडी तोंडाशी किती उघडी आहे, वरून गोडं पाणी किती येतं, यावर हे वेळापत्रक बदलेल. ते तुमच्या खाडीतले जुने मच्छीमार माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

एवढं करूनही कुणाला त्रास झालाच तर: शिंपले खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत ओठ, जीभ, चेहरा बधिर वाटू लागला की घरगुती उपाय करत बसू नका. या विषावर उतारा नाही, पण व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवला तर माणूस वाचतो, आणि पहिला दिवस निघाला की सहसा पूर्ण बरा होतो. म्हणून जवळच्या दवाखान्यापेक्षा व्हेंटिलेटर असलेलं इस्पितळ गाठा. डॉक्टरांना ‘शिनाणे खाल्ले’ हे आधी सांगा. उरलेलं कालवण फेकू नका, डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, तपासणीला लागेल.

शेवटी पैशाचं. हॉटेलवाला रिपोर्ट मागतोय तर त्याच्या खर्चातला वाटा त्याने उचलावा, असं तोंडावर सांगा. चांगल्या हॉटेलांना ते चालतं, कारण त्यांचंही नाव पणाला असतं. तो नाही म्हणाला तर न तपासलेला माल आठवडी बाजारात खपवायचा विचार गटात कुणीतरी मांडेल. तेव्हा विचारा, बाजारात घेणारे कोण आहेत. ती तुमच्याच गावची घरं आहेत, आणि त्यांच्या कालवणात सुटलेलं पाणी गाळून परत जाणार आहे.